वजनाच्या ऑपरेशनचा धोका नेमका कुठे असतो?

१९९५ साली वॉल्टर पोरीज या अमेरिकन सर्जनने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल इथे १४ वर्षांत ६०८ अतिलठ्ठ रुग्णांवर गॅस्ट्रिक बायपास हे वजन उतरवण्याचं ऑपरेशन केल्याचा तो हिशेब होता. त्यातल्या १४६ जणांना मधुमेह होता. ऑपरेशननंतर त्यांपैकी १२१ जणांची साखर नॉर्मल झाली आणि तशीच राहिली. चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की साखर काही दिवसांतच खाली येत होती. वजन तेव्हा फारसं उतरलेलंही नसायचं. सुरुवातीला रुग्ण जवळजवळ उपाशीच असतो, हे त्याचं एक कारण. पण तेवढ्याने सगळा उलगडा होत नव्हता.

पोट लहान केलं की माणूस कमी खातो, एवढीच या ऑपरेशनबद्दल सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. आपल्याकडे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी हा प्रकार सर्वांत जास्त केला जातो. त्यात दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग स्टेपलरने कापून काढून टाकतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. भूक जागवणारं ग्रेलिन हे हॉर्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न आतड्याच्या खालच्या टप्प्यात लवकर पोचतं आणि तिथल्या पेशी जीएलपी-१ सारखी हॉर्मोन्स एरवीपेक्षा कितीतरी जास्त सोडतात. त्यांच्यामुळे इन्शुलिन वाढतं आणि ‘पुरे’ हा निरोप मेंदूपर्यंत लवकर जातो.

नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं, तर शरीर नेमकं उलट वागतं. ग्रेलिन वाढतं, भूक वाढते, ऊर्जेचा खर्च घटतो आणि वजन मूळ जागी येऊ पाहतं. लठ्ठ माणसाला ‘जरा तोंडावर ताबा ठेव’ असं सुनावणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाने हे एकदा समजून घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं. तो माणूस आपल्याच शरीराशी रोज झगडत असतो. ऑपरेशन त्या झगड्यातली शरीराची बाजू थोडी कमजोर करतं.

फायदा किती? स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन झालेले सुमारे २००० आणि न झालेले तितकेच लठ्ठ रुग्ण यांचा पाठपुरावा सुरू आहे. ऑपरेशन झालेल्यांचं आयुर्मान सुमारे ३ वर्षांनी जास्त निघालं. मात्र सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत ते तरीही सुमारे साडेपाच वर्षांनी कमीच होतं. मधुमेहाबाबतही असंच तोलून बोलावं लागेल. क्लीव्हलँड क्लिनिकने १५० मधुमेही रुग्णांवर केलेल्या चाचणीचं उद्दिष्ट कडक होतं: औषधांसह किंवा औषधांशिवाय, एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) ६ टक्के किंवा त्याखाली. ५ वर्षांनी केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ५ टक्के, स्लीव्ह झालेल्यांपैकी २३ टक्के आणि बायपास झालेल्यांपैकी २९ टक्के तिथे टिकून होते. फरक मोठा आहे, यात शंका नाही. पण ‘मधुमेह कायमचा बरा’ अशी जाहिरात कुणी करत असेल, तर ती खोटी आहे.

आता धोका. घरच्यांना भीती वाटते ती टेबलावरच्या मृत्यूची. स्वीडनच्या अभ्यासात ऑपरेशननंतरच्या ९० दिवसांत हजारात दोन रुग्ण दगावले होते. स्टेपलच्या शिवणीतून गळती, रक्तस्राव, पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं ही सुरुवातीच्या दिवसांतली खरी संकटं आहेत. घरी आल्यावर ताप, सतत जलद चालणारी नाडी किंवा वाढती पोटदुखी दिसली, तर उद्यापर्यंत थांबू नये.

मला जास्त काळजी वाटते ती त्यानंतरच्या वर्षांची. ब-१२ जीवनसत्त्व शोषलं जायला जठरातलं आम्ल लागतं, आणि जठरातच तयार होणारं एक प्रथिनही लागतं. ऑपरेशननंतर दोन्ही कमी पडतात. आपल्या शाकाहारी घरांमध्ये ब-१२ आधीच काठावर असतं. त्यात हे ऑपरेशन झालं आणि गोळ्या-इंजेक्शनं सुटली, तर हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा इथपर्यंत मजल जाते. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचीही तीच कथा. प्रथिनं दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतात. चार घासांत पोट भरणाऱ्या माणसाने ती वरण-भात-पोळीतून मिळवायची म्हणजे मुश्किलच. आधी पनीर, अंडी, उसळ, आणि जागा उरली तर भात, असा क्रम लावावा लागतो.

थायामिन म्हणजे ब-१ वर स्वतंत्रपणे सांगायला हवं. सतत उलट्या होत राहिल्या, तर काही आठवड्यांतच शरीरातला त्याचा साठा संपतो आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा रुग्णाला थायामिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं, तर ती इजा अधिकच बळावते. म्हणून आपलं ऑपरेशन झालंय, हे गावातल्या डॉक्टरला रुग्णाने पहिल्याच वाक्यात सांगावं. डोकेदुखी-सांधेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी बायपासच्या जोडाशी अल्सर होऊ शकतो. तंबाखूनेही होतो. स्लीव्हनंतर काहींची छातीतली जळजळ वाढते. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात. गर्भधारणा साधारण वर्ष-दीड वर्ष पुढे ढकलायला सांगतात.

मनाची बाजू तर बोललीच जात नाही. अमेरिकेत यूटा इथल्या २००७ च्या अभ्यासात बायपासनंतर एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी दिसले, पण अपघात, आत्महत्या अशा आजारेतर कारणांनी झालेले मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त होते. बायपासनंतर दारू झपाट्याने चढते आणि काही जणांना तिचं व्यसन लागतं. ऑपरेशनआधी मानसोपचारतज्ज्ञाची भेट निव्वळ सहीपुरती उरकणं म्हणूनच धोक्याचं आहे.

सेमाग्लुटाइड, तिर्झेपाटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शनं आल्यावर ऑपरेशन कशाला, असं अनेक जण विचारतात. जीएलपी-१ चाच धागा त्यांनी औषधात आणला आहे आणि अनेकांना ती पुरतील. पण ती थांबवली की उतरलेलं बरंचसं वजन परत येतं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) खूप जास्त असलेल्यांसाठी ऑपरेशनचा परिणाम आजही अधिक मोठा आणि टिकाऊ आहे.

ऑपरेशन कुणी करावं, याचा आकडा आपल्यासाठी वेगळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या आतही चरबी दडलेली असते. त्यामुळे २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी २७.५ बीएमआयपासूनच ऑपरेशनचा विचार करायला सांगितलं आहे. भारतातल्या आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटी मात्र ४० चा बीएमआय मागतात, किंवा गंभीर सहव्याधींसह ३५ चा. ३३ बीएमआयचा, साखर हाताबाहेर गेलेला रुग्ण वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरतो, पण विम्याच्या अटींत बसत नाही. मग तो दागिने मोडून किंवा कर्ज काढून ऑपरेशन करतो, आणि पुढच्या वर्षांच्या रक्ततपासण्या, ब-१२ ची इंजेक्शनं, आहारतज्ज्ञाची फी यांसाठी त्याच्या हाती काही उरत नाही.