प्रार्थना पुन्हा पहिल्या शब्दापासून

प्रार्थनेची तिसरी ओळ म्हणता म्हणता मनात देवाला उद्देशून एक गलिच्छ शिवी येते, अंगावर काटा उभा राहतो आणि माणूस पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात करतो. या खेपेस शिवी दुसऱ्याच ओळीला येते. पाच मिनिटांची प्रार्थना दीड तास चालते, तरीही ती मनापासून झाली की नाही, हे काही केल्या ठरत नाही. ओसीडी, म्हणजे नकोसे विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आणि त्यांपायी त्याच त्या कृती करत राहण्याचा विकार (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर), म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सतत हात धुणारा माणूस येतो. पण हेही त्याच विकाराचे एक रूप आहे, आणि ते बाहेरून दिसत नसल्यामुळे त्याने ग्रासलेली माणसे स्वतःला पापी समजून वर्षानुवर्षे गप्प राहतात. मानसशास्त्रात या रूपाला स्क्रूप्युलॉसिटी म्हणतात. ज्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले, त्याचा अर्थ टोकदार बारीक खडा असा आहे. ओसीडीसाठी मराठीत वापरल्या जाणाऱ्या ‘मंत्रचळ’ या जुन्या शब्दात तर मंत्रच आहे.

असे विचार येणे हा मुळात आजार नाही. रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की, नकोसे, किळसवाणे, हिंसक विचार निरोगी माणसांच्या मनातही येतात. २०१४ मध्ये तेरा देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ९४ टक्के विद्यार्थ्यांनी गेल्या तीन महिन्यांत असा किमान एक विचार आल्याचे सांगितले. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण उगाच पडलेली नाही. फरक पडतो तो विचाराला दिलेल्या अर्थामुळे. ज्याला ईश्वरनिंदेचे सोयरसुतक नाही, त्याच्या मनातून तो विचार आला तसा निघून जातो; श्रद्धाळू माणूस मात्र ‘मनात आले म्हणजे मी केलेच’ असे समजून दचकतो, त्याला हुसकावू पाहतो, आणि म्हणून तो विचार तिथेच ठाण मांडतो. असा विचार श्रद्धा नसल्याचा पुरावा नव्हे. श्रद्धा जिवाभावाची असते म्हणूनच तो इतका बोचतो.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संशय आला तर खात्री करून घ्यावी, हे आपल्याला स्वाभाविक वाटते. पण खात्री करण्याच्या कृतीतूनच संशय वाढतो. नेदरलँड्समधील व्हान डेन हाऊट आणि किंट यांनी २००३ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी निरोगी विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावरील गॅसच्या शेगडीची बटणे चालू-बंद करायला आणि ती बंद झाल्याची तपासणी करायला लावले. एका गटाने हे वीस वेळा केले, तर दुसऱ्या गटाने मधल्या काळात शेगडीऐवजी दिवे तपासले. नंतर दोन्ही गटांना शेगडीच्या अखेरच्या तपासणीविषयी विचारले, तेव्हा उत्तरांच्या अचूकतेत फारसा फरक आढळला नाही. मात्र वारंवार शेगडी तपासणाऱ्यांची आठवण फिकी झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास बराच घसरला होता. कृती पुन्हा पुन्हा केली की ती सवयीची होते, रंग, स्पर्श, आवाज असे बारकावे मनात उमटेनासे होतात, आणि ‘मला नीट आठवते’ ही भावना तर याच बारकाव्यांच्या आधारावर उभी असते.

आता शेगडीच्या जागी ‘माझा देवावर खरोखर विश्वास आहे का?’ हा प्रश्न ठेवून पाहावा. येथे डोळ्यांनी पाहता येईल असे बटणही नाही. विसाव्यांदा म्हटलेली प्रार्थना सवयीने कोरडी होते, तो कोरडेपणा अश्रद्धेचा पुरावा ठरतो आणि एकविसावी प्रार्थना सुरू होते. मेंदूतही याचे पडसाद दिसतात. आपल्या हातून चूक होताच सुमारे शंभर मिलिसेकंदांच्या आत मेंदूच्या पुढच्या मध्यभागावर एक ऋण विद्युतलहर उमटते. अग्र सिंग्युलेट या मेंदूच्या भागाशी निगडित असलेली ही लहर ओसीडीच्या रुग्णांमध्ये सरासरीने अधिक मोठी असते, आणि डोळ्यांच्या खोबण्यांवरचा मेंदूचा भाग, आणि मेंदूच्या आत खोलवर असलेले कॉडेट व थॅलॅमस हे भाग यांना जोडणारे मंडलही त्यांच्यात अधिक सक्रिय आढळते. ‘काहीतरी चुकले’ हा इशारा जणू बंदच होत नाही.

जेझुइट या ख्रिस्ती संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लॉयोला हे स्पेनमधील मानरेसा येथे १५२२ मध्ये याच फेऱ्यात सापडले होते. पापांची कबुली देऊन झाली, तरी काहीतरी सांगायचे राहिले असे त्यांना वाटे. अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांगा, अशी आज्ञा त्यांना मिळाली. पण त्यांना सगळीच पापे स्पष्ट दिसत असल्यामुळे तिचा काहीच उपयोग झाला नाही.

अशा माणसाला बाधा झाली आहे असे सांगून उतारे काढणारे लोक त्याचे अतोनात नुकसान करतात, कारण प्रत्येक उतारा ही आणखी एक तपासणीच असते. ‘सकारात्मक विचार करा’ हा लोकप्रिय सल्लाही त्याच जातीचा आहे. प्रामाणिक धर्मचिंतनातला संशय निराळा असतो. तो वाचनाने, चर्चेने पुढे सरकतो आणि माणसाला विचार करू देतो. ओसीडीतला संशय एकाच जागी घिरट्या घालतो आणि उत्तर मिळताच नवी फट शोधतो.

मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवर केलेल्या उपचारांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील एका स्त्रीला ईश्वरनिंदेचे विचार छळत होते. भीती वाटते ती गोष्ट समोर येऊ द्यायची आणि तिच्यावरचा नेहमीचा उतारा मात्र करायचा नाही, ही त्यांची पद्धत आज ओसीडीवरील प्रमुख मानसोपचार आहे. सेरोटोनिनवर काम करणारी औषधेही उपयोगी पडतात. त्यांचा पुरेसा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. उपचारात श्रद्धा सोडायला सांगत नाहीत. प्रार्थना एकदाच म्हणायची, मध्ये शिवी आली तर क्षमा मागायची नाही, मागे जायचे नाही आणि ‘मनापासून झाली का?’ असे कोणालाही विचारायचे नाही, एवढेच ठरवलेले असते. सुरुवातीला अस्वस्थता इतकी चढते की छातीत धडधडते, हात आपोआप जोडले जाऊ लागतात. तशाच स्थितीत बसून राहिले की बहुधा ती हळूहळू ओसरते, किंवा ती असतानाही बसून राहता येते हे कळते. पुढेही एखाद्या दिवशी शिवी येतेच, आणि प्रार्थना तिच्यासकट पुढच्या ओळीवर जाते.