ब्राझीलला कामासाठी निघण्यापूर्वी

नमस्कार,

आपलं साओ पाउलोचं तिकीट आमच्याकडून निघालं आहे किंवा निघणार आहे, म्हणून हे पत्रक सोबत देत आहोत. आमचे बहुतेक ग्राहक कोल्हापूर-सांगली पट्ट्यातले आहेत. कुणाचं साखर कारखान्यांच्या यंत्रांचं काम, कुणाची फाउंड्री, कुणाचे पंप. आपल्या मालाबद्दल आपल्याला कुणी काही सांगायला नको. पण ब्राझीलमध्ये अडलेली कामं आम्ही जवळून पाहिली आहेत आणि ती मालावरून फार कमी वेळा अडतात. एखादं कार्ड घरी राहतं, स्वल्पविराम चुकीचा वाचला जातो, नाहीतर खुर्चीत बसल्या बसल्या दराचा विषय निघतो, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

पिवळं कार्ड

सगळ्यांत आधी हे करा. ब्राझीलहून भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे पीतज्वराची लस घेतल्याचं मूळ प्रमाणपत्र, म्हणजे हे पिवळं कार्ड, असावंच लागतं. नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात, सहा दिवसांपर्यंत. जाताना कुणी विचारलं नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि परतीच्या रांगेत अडकतात. दुबईत एक-दोन दिवस थांबून आलात तरी नियम लागू राहतो.

ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, नेहमीच्या डॉक्टरांकडे नाही. बऱ्याच केंद्रांवर ठरावीक वारीच देतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं. टोचल्यावर प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होतं, म्हणून किमान तीन आठवडे हाताशी ठेवा. एकदा घेतली की ती जन्मभर चालते. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल किंवा वय ६० च्या पुढे असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. कार्डावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर जुळतं का, ते केंद्रावरून निघायच्या आधी पाहा. कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

व्हिसा, वेळ, हवा

व्हिसा आधी काढावा लागतो. त्यासाठी तिथल्या कंपनीचं निमंत्रणपत्र लागतं, ते लवकर मागवा. मुंबईहून थेट विमान नाही. दुबई, दोहा, आदिस अबाबा किंवा युरोपमार्गे जावं लागतं आणि २० तासांहून जास्त वेळ लागतो. अमेरिकेमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर आम्हाला विचारल्याशिवाय घेऊ नका. तिथे नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

साओ पाउलोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. तिथे सकाळचे ९ वाजतात तेव्हा कोल्हापुरात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. बैठकीत एखादं ड्रॉइंग लागलं तर इथे ऑफिस बंद झालेलं असतं, म्हणून त्या आठवड्यात संध्याकाळी कुणाला तरी थांबायला सांगून जा.

साखरेच्या क्षेत्रातल्या मंडळींना एक सोय आहे. मध्य-दक्षिण ब्राझीलचा गळीत हंगाम साधारण एप्रिल ते नोव्हेंबर चालतो, म्हणजे आपले कारखाने बंद असताना त्यांचे चालू असतात. हिबेराव प्रेतो आणि सेर्तांवझिन्यू हा त्यांचा ऊसपट्टा. जून-जुलैत तिथे हिवाळा असतो, रात्री स्वेटर लागतो. कार्निव्हलच्या आठवड्यात, म्हणजे फेब्रुवारी किंवा मार्चच्या सुरुवातीला, बैठक ठरवूच नका.

आकडे आणि वार

इथे जरा थांबून वाचा. ब्राझीलमध्ये स्वल्पविराम आणि टिंबाचं काम आपल्या उलट आहे. १.२५० म्हणजे एक हजार दोनशे पन्नास, आणि १२,५०० किलो म्हणजे साडेबारा किलो. आमच्या एका ग्राहकाने सुट्या भागाच्या वजनाचा आकडा साडेबारा हजार समजून जहाजाच्या भाड्याचा हिशेब केला होता. सही व्हायच्या आदल्या रात्री ते लक्षात आलं. कोटेशन देताना आकड्याशेजारी रक्कम अक्षरी लिहा, आणि त्यांचं कोटेशन घेताना तोंडी विचारून घ्या.

वारांचंही तसंच. सोमवारला ते 'सेगुंदा' म्हणतात, म्हणजे दुसरा, कारण मोजणी रविवारपासून होते. 'क्वार्ता' म्हणजे चौथा, पण तो बुधवार. भेट ठरली की तारीख लिहून दाखवा. फोन नंबर सांगताना सहाला ते 'मेया' म्हणतात, म्हणजे अर्धा डझन. हे माहीत नसलं की नंबरात एक आकडा कमी पडतो आणि का पडला ते कळत नाही.

भाषा

तिथली भाषा पोर्तुगीज. शेजारच्या देशांत स्पॅनिश चालते म्हणून इथेही बोलायला जाऊ नका, त्यांना ते आवडत नाही. मोठ्या कंपन्यांत इंग्रजी चालते. कारखान्याच्या फाटकावर, टॅक्सीत आणि हॉटेलच्या नाश्त्याला फारशी नाही. दुभाषी घ्याच, विशेषतः ऊसपट्ट्यात जाणार असाल तर.

तरी ही भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. गोव्यातून आपल्याकडे आलेले पाव, बटाटा, चावी, बालदी, लिलाव हे सगळे शब्द मूळचे पोर्तुगीज. तिथे चावीला 'शावी' म्हणतात, आणि 'पागार' म्हणजे पैसे देणे. काजूचं झाड तर पोर्तुगिजांनी ब्राझीलमधूनच आपल्याकडे आणलं. जेवताना ही गोष्ट सांगून पाहा, समोरचा माणूस खुलतो. गाईगुरांचा विषय त्याहूनही चांगला: ब्राझीलमधली बहुतेक मांसल जनावरं भारतीय वंशाची आहेत, 'नेलोरी' हे नाव आपल्या नेल्लोरवरून पडलं आणि गीर गाय तिथे 'जीर' म्हणून मिरवते. आभार मानताना पुरुषांनी 'ओब्रिगादु' म्हणावं, स्त्रियांनी 'ओब्रिगादा'.

बैठक

पहिला अर्धा तास कामाचा नसतो, हे मनाशी धरूनच जा. छोट्या पेल्यात काळी, गोड कॉफी येते, तिला 'काफेझिन्यू' म्हणतात. ती नाकारू नका. घर, मुलं, प्रवास, फुटबॉल, ऊस यावर बोलणं होतं. आपण घाईने कॅटलॉग उघडला की त्यांना वाटतं, या माणसाला फक्त ऑर्डर हवी आहे. ते माणूस पारखतात, मग माल. पहिल्या फेरीत ऑर्डर मिळाली नाही म्हणून निराश होऊ नका. दुसऱ्या भेटीची तारीख मिळाली तर काम झालं असं समजा. परतल्यावर ईमेलपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर लवकर येतं.

'एकदम झकास' सांगायला आपण अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करतो, ते तिथे अश्लील मानतात. अंगठा वर करा, ते चालतं.

व्यवहारापूर्वी त्या कंपनीचा सीएनपीजे, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, मागा. तो तिथल्या कर खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. न मागता पैसे गुंतवू नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

शाकाहारी मंडळींसाठी

आमच्या ग्राहकांत लिंगायत आणि जैन मंडळी बरीच आहेत, म्हणून हे सविस्तर. 'सें कार्नी', म्हणजे मांसाशिवाय, एवढं सांगून भागत नाही. पुष्कळ जणांच्या लेखी 'कार्नी' म्हणजे गाईचं मांस. कोंबडी आणि हॅम, म्हणजे डुकराचं मांस, त्यात धरत नाहीत. म्हणून तिघांचीही नावं घ्या: 'सें फ्रांगू, सें पेशी, सें प्रेझुंतू', म्हणजे कोंबडी, मासे, हॅम नको. भात आणि घेवड्याची उसळ रोज मिळते, पण उसळीत बऱ्याचदा डुकराच्या चरबीची फोडणी असते, तेव्हा विचारूनच घ्या.

दुपारी 'पोर किलो' लिहिलेलं हॉटेल शोधा. ताटात हवं ते वाढून घ्यायचं, ताट काट्यावर ठेवायचं आणि वजनाप्रमाणे पैसे द्यायचे. काय घेतोय ते डोळ्यांनी दिसतं. सकाळी 'पांव जि केजू' खा. चीज आणि कसाव्याच्या पिठाचे हे गोल पाव गरम असताना फार छान लागतात. कसावा म्हणजे ज्याचा आपला साबुदाणा होतो तोच कंद. जैन मंडळींनी कंद म्हणून तो टाळावा, आणि अंडं न चालणाऱ्यांनीही, कारण पिठात अंडं असतं. आठवडी बाजारात चरकावरचा उसाचा रसही मिळतो, 'काल्दू जि काना' म्हणून मागा.

पैसे, प्लग, फोन

चलन रेआल. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. आपल्या यूपीआयसारखी त्यांची 'पिक्स' सोय आहे, पण तिला तिथलं बँक खातं लागतं. दुकानात 'सीपीएफ?' विचारलं तर 'नांव', म्हणजे नाही, म्हणा. तो त्यांचा कर क्रमांक आहे. आपले जाड पिनांचे प्लग बसत नाहीत, अ‍ॅडॉप्टर न्या. साओ पाउलोत वीज १२७ व्होल्टची आहे, काही शहरांत २२०. मशीनचा डेमो असेल तर आधी विचारून घ्या.

साओ पाउलोत फोन हातात धरून रस्त्याच्या कडेला उभं राहू नका. मोटारसायकलवरून येऊन हिसकावतात. गाडी दुकानाच्या किंवा हॉटेलच्या आतून बोलवा, आणि पासपोर्टची प्रत सोबत ठेवून मूळ तिजोरीत ठेवा. पोलीस १९०, रुग्णवाहिका १९२. भारताचा वाणिज्य दूतावास साओ पाउलोतच आहे.

हॉटेलवर पोचलात की आम्हाला एक मेसेज टाका. तिथे रात्रीचे १२ वाजलेले असले तरी इथे सकाळचे साडेआठ असतात, आणि तेव्हा आमच्याकडे फोन उचलायला माणूस असतो.