सिफ्नोसच्या लग्नाला निघताना : पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

सिफ्नोस हे ग्रीसचं एजियन समुद्रातलं बेट. तिथे विमानतळ नाही. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून बोटीनेच जावं लागतं. म्हणून प्रवासाच्या तारखा ठरवताना आधी बोट बघा, मग विमान.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो आणि कधी कधी सलग तीन-चार दिवस राहतो. आपल्याकडे मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद होतात तेव्हा आभाळाकडे बघूनच कळतं. इथे ऊन लख्ख असतं, आकाश निरभ्र असतं आणि तरी बोट रद्द झालेली असते. वारा साधारण ८ बोफोर्टपर्यंत (बोफोर्ट म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायचं माप) गेला की बंदर खातं बोटी सोडत नाही. जलद बोटी त्याच्याही आधी थांबतात. जहाज कामगारांचे संपही अधूनमधून होतात. तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा मिळते, पण तोवर लग्न लागून गेलेलं असतं.

म्हणून लग्नाच्या किमान दोन दिवस आधी बेटावर पोचा, आणि परतताना शेवटची रात्र अथेन्समध्ये काढा. बेटावरून सकाळची बोट आणि त्याच रात्रीचं मुंबईचं विमान असा बेत आम्ही कुणालाही आखून देत नाही. मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर मोठी, साधी बोट निवडा. तिला पाच तासांच्या आसपास लागतात, जलद बोटीला अडीच-तीन. पण मोठी बोट कमी हलते आणि उघड्या डेकवर बसता येतं. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

व्हिसा

शेंगेन व्हिसाचा (ग्रीस, फ्रान्ससह बऱ्याच युरोपीय देशांना मिळून एकच लागणाऱ्या व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५ दिवसही लागतात आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणंच अवघड होतं, त्यामुळे तीन महिने आधी हालचाल सुरू करा. मोठ्यांची फी ९० युरो, ६ ते ११ वयाच्या मुलांची ४५. सेवा केंद्राचे पैसे वेगळे. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत. लग्नाला जोडून इतर देश फिरणार असाल तर एक चूक टाळा : पॅरिसला सहा रात्री आणि ग्रीसला चार, असा आराखडा घेऊन ग्रीसकडे अर्ज केला की शंका निघतात. ग्रीसच्या रात्री जास्त ठेवा आणि वधूवरांचं निमंत्रणपत्र जोडा.

विमानतळ ते बंदर ते बेट

विमान उतरण्याची वेळ आणि बोट सुटण्याची वेळ यांत पाच तास असू द्या. विमानतळावरून मेट्रोची ३ नंबरची लाइन २०२२ पासून थेट पिरेयसपर्यंत जाते, साधारण तासाभरात. एक्स-९६ ही बस रात्रंदिवस असते. पिरेयस बंदर फार पसरलेलं आहे. फाटकांना ई-१ ते ई-१२ असे क्रमांक आहेत आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सामान ओढत जाणं शक्य नाही. तिकिटावरचा फाटक क्रमांक आदल्या दिवशी पुन्हा तपासा आणि बोटीच्या पाऊण तास आधी तिथे उभे राहा.

मोठ्या बॅगा खाली गाड्यांच्या मजल्यावर, बेटांची नावं लिहिलेल्या रॅकवर ठेवायच्या असतात. पासपोर्ट, दागिने आणि औषधं वर सोबत घ्या. बऱ्याच बोटी वाटेत किथ्नोस आणि सेरिफोस ही बेटं घेतात. पांढरी घरं, डोंगर, धक्का सगळीकडे सारखंच दिसतं आणि घाईत लोक सेरिफोसलाच उतरतात. सिफ्नोसच्या बंदराचं नाव कामारेस. घोषणेत ते ऐकू आल्यावरच निघा. मात्र ऐकल्यावर थांबू नका : बोट धक्क्याला जेमतेम काही मिनिटं लागते, त्यामुळे दार उघडण्याआधीच बॅगेपाशी पोचलेलं बरं.

कामारेसहून अपोलोनिया हे मुख्य गाव साधारण पाच किलोमीटरवर. बस आहे, टॅक्सी मात्र मोजक्याच, म्हणून आधी सांगून ठेवा. गाडी भाड्याने घ्यायची तर भारतातूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या.

बॅगेत काय, काय नाही

भारतातून युरोपीय संघात दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तुपाचा डबा घरीच राहू द्या. ताजी फळं, पानं, फुलं यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, म्हणजे आंब्याची डहाळी, विड्याची पानं आणि मोगऱ्याचे गजरेही नाहीत. नारळाला ही अट नाही. मुंडावळ्या मोत्यांच्या घ्या. चिवडा, चकली चालते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेत असाल तर डॉक्टरांचं पत्र हवंच.

आपली जाड तीन पायांची पिन तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही; दोन गोल पिनांचा अडॅप्टर घ्या. एक छोटा मगही टाका. संडासात पाण्याची फवारणी नसते, आणि पाइप अरुंद असल्याने कागदही भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो. हे विसरलं की तुंबतं, आणि प्लंबर लगेच मिळत नाही.

लग्नाच्या दिवशी

ख्रिसोपिगी हे १६५० मधलं चर्च किनाऱ्यापासून तुटलेल्या खडकावर आहे. गाडी वरच थांबते. पायऱ्या उतरून, चिंचोळ्या फटीवरचा छोटा पूल ओलांडून जायचं. उंच टाचा नकोत. पदर दोन्ही खांद्यांवर पिनांनी नीट अडकवा, नाहीतर वारा तो सांभाळू देत नाही. चर्चमध्ये खांदे झाकलेले असावेत, पुरुषांनी फुलपँट घालावी.

ऑर्थोडॉक्स, म्हणजे ग्रीक ख्रिस्ती पंथाचा, विधी पाऊण ते एक तास चालतो आणि बरेच पाहुणे उभेच असतात. रिबिनीने जोडलेले दोन मुकुट वधूवरांच्या डोक्यांवर तीनदा अदलाबदल केले जातात. मग जोडपं टेबलाभोवती तीन फेऱ्या घालतं, तेव्हा तांदूळ उधळायचे. हे तांदूळ कोरे असतात. आपल्या कुंकवाच्या अक्षता नेऊ नका, चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर आणि वधूच्या पोशाखावर त्यांचे डाग पडतात. दोघांपैकी एकजण हिंदू असेल तर चर्चमध्ये लग्न लागत नाही. तेव्हा महापौर किंवा त्यांचा प्रतिनिधी नागरी विवाह लावतो आणि तो थोडक्यात आटोपतो, म्हणून उशीर करू नका. आपला होम ठेवायचा असेल तर यजमानांना लवकर सांगा, कारण मे ते ऑक्टोबर हा ग्रीसमध्ये वणव्याचा काळ असतो आणि उघड्यावर विस्तव पेटवायला कडक बंदी असते. उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५.३० आणि रात्री ११ नंतर शांततेचा नियम आहे. ढोल त्या वेळेत नको.

जेवण

शाकाहारी मंडळींची इथे चांगली सोय होते. सिफ्नोसचा खास पदार्थ रेविथाडा म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेले काबुली चणे : कांदा, ऑलिव्ह तेल, तमालपत्र, बाकी फारसं काही नाही. भांडं शनिवारी संध्याकाळी लाकडाच्या भट्टीत जातं, रात्रभर मंद आचेवर राहतं आणि रविवारी दुपारी उघडतं. चणे अख्खे राहतात, पण जिभेने दाबले की विरघळतात. चण्याची भजी आणि पिवळ्या डाळीचा फावाही (घोटलेल्या घट्ट वरणासारखा) मागा. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपासाचं, यावर मात्र विसंबू नका : त्यात मांस, अंडी, दूध नसतं, पण कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात. ऑर्डर देताना ‘देन त्रोओ क्रेआस, ऊते प्सारी, ऊते थालासिना’ असं म्हणा, म्हणजे मांस, मासे, कोळंबी-कालव यांतलं काहीच ताटात येणार नाही.