तीस टक्क्यांचे गणित

मोबाइलवरच्या पानात जाहिराती किती चालतील? याचे उत्तर ठरलेले आहे: ३० टक्क्यांपर्यंत. गूगल, फेसबुक, युनिलिव्हर वगैरे कंपन्यांनी २०१६ साली ‘कोअलिशन फॉर बेटर ॲड्स’ ही संघटना काढली. उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या २५ हजारांहून अधिक लोकांना जाहिरातींचे नमुने दाखवून कशाने डोके उठते ते विचारले आणि मार्च २०१७ मध्ये निकष जाहीर केले. पॉप-अप, आपोआप बोंबलणारे व्हिडिओ, लुकलुकणाऱ्या पट्ट्या हे सगळे नापास.

तीस टक्के मोजतात उंचीवर. वरचा मेनू आणि तळाचा भाग सोडून मुख्य मजकुराची उंची घ्यायची आणि त्यातल्या जाहिरातींच्या उंचीच्या बेरजेला तिने भागायचे. समजा, जाहिराती धरून लेख २,००० पिक्सेल उंच आहे. २५० पिक्सेलच्या दोन जाहिराती म्हणजे २५ टक्के. तिसरी घातली की उंची २,२५० होते आणि प्रमाण ३३.३ टक्के, म्हणजे नापास. पण लेखच २,५०० पिक्सेलपर्यंत ताणला तर? तिन्ही मिळून बरोबर ३० टक्के! पुरणपोळीची कृती शोधताना आधी होळीचे माहात्म्य आणि हरभऱ्याच्या डाळीचे गुण का वाचावे लागतात, त्याचे निदान एक कारण इथे सापडते.

नियम पाळायला लावतो गूगलचाच क्रोम ब्राउझर. उत्तर अमेरिका आणि युरोपात फेब्रुवारी २०१८ पासून, आपल्याकडे जुलै २०१९ पासून. नापास संकेतस्थळाला सुधारायला ३० दिवस मिळतात. नाहीच सुधारले, तर तिथल्या सगळ्याच जाहिराती क्रोम अडवतो, अगदी गूगलच्यासुद्धा. जाहिरातींवर सर्वांत जास्त कमावणारी कंपनीच इथे पंच आहे, हे जरा खटकतेच.

जाहिरात ‘दिसली’ कधी म्हणायचे, त्याचाही हिशेब आहे. जाहिराती मोजण्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या मीडिया रेटिंग कौन्सिल या संस्थेच्या मते जाहिरातीचे निम्मे पिक्सेल सलग एक सेकंद पडद्यावर राहिले की झाले. व्हिडिओला दोन सेकंद. तेवढ्यात तुम्ही चहा ओतायला वळला असाल, तरी ती दिसलीच.

या फटीतूनच केवळ जाहिरातींसाठी थाटलेली संकेतस्थळे फोफावली. अमेरिकेतल्या जाहिरातदारांच्या ‘एएनए’ या संघटनेने काही सदस्यांचा संगणकामार्फत आपोआप होणाऱ्या जाहिरात-खरेदीवरचा खर्च तपासून जून २०२३ मध्ये अहवाल दिला, तेव्हा त्यातला १५ टक्के पैसा आणि २१ टक्के जाहिराती अशा ठिकाणी गेलेल्या आढळल्या. गंमत म्हणजे ‘दिसण्या’च्या कसोटीत ही पाने चांगल्या गुणांनी पास होत होती. मग त्याच वर्षी जाहिरातदारांच्या संघटनांनी ती ओळखण्याच्या खुणा ठरवल्या: मजकुराच्या मानाने जाहिराती फार, त्याही भराभर आपोआप बदलणाऱ्या, आणि वाचक बहुतांशी पैसे मोजून आणलेले. मजकूर साचेबद्ध, हीही एक खूण आहे. पण ती पिक्सेलमध्ये मोजता येत नाही, कोणीतरी बसून वाचावे लागते.