५४ टाकायचे की १५?

नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर ताशी ५४ किमीने जाणारी हजार किलोची गाडी न्यूट्रलला टाकली (कागदावरच टाका!), वारा नाही, रस्ता सपाट. वेग निम्मा व्हायला किती वेळ लागेल?

आधी फक्त हवेचा विरोध धरू. समीकरण असं: वस्तुमान × त्वरण = −क × वेगाचा वर्ग. हवेची घनता १.२ किग्रॅ प्रति घनमीटर, गाडीचं समोरचं क्षेत्रफळ २ चौरस मीटर, ड्रॅग गुणांक (गाडीच्या आकाराला हवा किती अडवते त्याचं माप) ०.३५. यांच्या गुणाकाराच्या निम्मे म्हणजे क = ०.४२ किग्रॅ प्रति मीटर. या आकड्याच्या पोटात मीटर दडलाय, आणि गफलत तिथेच होते.

समीकरण सोडवलं की वेळ = वस्तुमान ÷ (क × सुरुवातीचा वेग). ताशी ५४ किमी म्हणजे १५ मीटर प्रति सेकंद; तो वेग घातला तर १५९ सेकंद. सवयीने ५४ घातले तर ४४. पण ४४ काय? एककं लिहून पाहिली तर ‘मीटर-तास प्रति किमी’ येतं, म्हणजे एका तासाचा हजारावा भाग, ३.६ सेकंद. ४४ ला ३.६ ने गुणा, पुन्हा १५९च्या आसपासच. चूक झाली खरी, पण निस्तरता आली.

आता टायरचा घर्षणविरोध मिळवा: वजनाचा साधारण शंभरावा भाग, ९८ न्यूटन. १५ च्या वेगाला हवेचा विरोध ९४.५ न्यूटन, म्हणजे दोघे तुल्यबळ. वेळ एकदम ५० सेकंदांवर येतो. ५४ घातले तर हवेचं पद १२२५ होतं, जवळपास तेरापट, आणि ते न्यूटनही नसतं. तरी ९८ शी त्याची बेरीज मुकाट होते. उत्तर येतं ३७. ३.६ ने गुणलंत तर १३४. कशानेही गुणून हे सावरता येत नाही, कारण वेगवेगळ्या एककांची बेरीज आधीच झालेली असते.

ही सवय बहुधा क्रमिक पुस्तकातल्या सोप्या उदाहरणातून लागते. तिथे विरोध वेगाच्या पहिल्या घाताच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा होण्याच्या काळाच्या सूत्रात (०.६९३ × वस्तुमान ÷ गुणांक) वेग येतच नाही, म्हणून किमी-तास घातले तरी निभावतं. अंतर काढायला गेलं की मात्र अडतं.

म्हणून पहिल्याच ओळीत किलोग्रॅम, मीटर, सेकंद करून घ्या. संकलनानंतर (इंटिग्रेशननंतर) लॉग आला तर नुसत्या वेगाचा घेऊ नका; वेग ÷ सुरुवातीचा वेग, या गुणोत्तराचा घ्या. एक्सेलमध्ये करत असाल तर प्रत्येक स्तंभाच्या मथळ्यात एकक लिहा आणि ‘किमी/तास’ फक्त शेवटच्या, दाखवायच्या स्तंभात ठेवा. त्या स्तंभातला आकडा पुन्हा कुठल्याही सूत्रात घ्यायचा नाही.