घरगुती उजळ क्रीम: उटण्यापासून बिनलेबलच्या डबीपर्यंत

दिवाळीचं उटणं असो की नवरीची हळद, दोन्ही धुऊन टाकायच्या. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी यांची पूड मराठवाड्यातल्या घरांत कोरडीच डब्यात असते. ऐन वेळी तेला-दुधात कालवायची आणि अंघोळीत काढून टाकायची. कोरडी पूड सहसा नासत नाही. रात्रभर चेहऱ्यावर राहणारी, पाणी असलेली क्रीम मात्र वेगळी वस्तू आहे. 1975 मध्ये फेअर अँड लव्हली बाजारात आली आणि पुढे तीच सवय झाली.

खरा घोळ झाला तो मेडिकलमधल्या ट्यूबेमुळे. वांगावर, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळसर डागांवर, त्वचारोगतज्ज्ञ हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि दाह कमी करणारं स्टिरॉइड अशी तीन औषधांची तिहेरी क्रीम ठरावीक आठवड्यांपुरतीच देतात. स्टिरॉइडने केशवाहिन्या आकसतात, थोड्याच दिवसांत चेहरा उजळ दिसतो आणि ट्यूब जावेकडून नणंदेकडे जाते. थांबवली की लाली, आग, पुरळ. लावत राहिलं तर कधी गालावर लव. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण स्टिरॉइड लावत होते.

हे इतकं सर्रास कसं झालं? उत्तर औषध नियमांच्या शेड्यूल एचमध्ये आहे. चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या या यादीखाली एक टीप होती, बाहेरून लावायच्या औषधांना सूट देणारी. म्हणजे स्टिरॉइडच्या गोळीला चिठ्ठी लागे, त्याच स्टिरॉइडच्या मलमाला पळवाट मिळे. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं तगादा लावल्यावर मार्च 2018 मध्ये 14 स्टिरॉइडांची ही सूट गेली. निर्णय योग्यच होता, पण फार उशिरा आला. तोवर ट्यूब घराघरांत पोचली होती, आणि काउंटरवर चिठ्ठी मागणारं कुणी नसेल तर यादीचा उपयोग काय?

पुढची पायरी म्हणजे 'मिक्स'. अशी ट्यूब कोल्ड क्रीममध्ये कालवून पांढऱ्या डबीत भरली जाते. डबीवर ना घटक, ना तारीख. कोल्ड क्रीममध्ये घातल्याने स्टिरॉइड निरुपद्रवी होत नाही. उलट किती लागतंय हे लावणाऱ्यालाही कळत नाही. घरच्या कोरफडीचा गर आणि गुलाबपाणी मिसळलं की संरक्षक द्रव्य पातळ होतं आणि आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात त्यात जंतू भराभर वाढतात. लिंबू लावून उन्हात गेलं तर चट्टे उठतात. खायचा सोडा अल्कधर्मी, त्वचा आम्लधर्मी, तोही नको. हळदीच्या सुट्या पुडीत रंगासाठी लेड क्रोमेट हे शिशाचं विषारी पिवळं रंगद्रव्य असू शकतं, म्हणून वसमत-हिंगोलीचं हळकुंड घरी आणून दळलेलं बरं.

सगळ्यात घातक पारा. चेहऱ्याच्या क्रीममध्ये तो मुद्दाम घालायला कायद्याने बंदी आहे, तरी बिनलेबलच्या क्रीममध्ये तो सापडतो. 2023 मध्ये केरळच्या मलप्पुरममध्ये गोरेपणाच्या क्रीम वापरणाऱ्यांत मूत्रपिंडाचे विकार आढळले. वासाने, रंगाने पारा ओळखू येत नाही, प्रयोगशाळेतच कळतो.