‘तीन किलोमीटर दूर’ या आकड्यातून पत्ता कसा निघतो

व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या गावातल्या संगणकातून वळवून नेणारी सोय) लावला की डेटिंग ॲपवर आपण दुसऱ्या शहरात दिसू लागतो, हा समज आता इतका पक्का झाला आहे की तो वापरून व्हीपीएनच्या जाहिराती केल्या जातात. प्रत्यक्षात पुण्यात बसून लंडनचा व्हीपीएन लावा आणि टिंडर उघडा. समोर येणारी माणसं कोथरूड-हडपसरचीच असतात. व्हीपीएन बदलतो तो आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर आपल्या जोडणीला मिळालेला क्रमांक. ॲप मात्र जागा विचारतं ती फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, आणि सिस्टिम ती ठरवते उपग्रहांचे संदेश, आसपासचे वाय-फाय राउटर आणि मोबाइल टॉवर यांच्यावरून. मोबाइल डेटावर असताना आयपी पत्त्यानुसार सांगलीतला माणूस मुंबईत दिसू शकतो. ज्या ॲपला किलोमीटरचा हिशोब करायचा आहे, त्याला असल्या माहितीवर विसंबून चालत नाही.

दुसरा समज याहून जुना आहे: वरून उपग्रह आपल्याला पाहतो आणि आपण कुठे आहोत ते कळवतो. जीपीएसच्या उपग्रहाला आपण आहोत हेच ठाऊक नसतं. आकाशवाणीचं केंद्र जसं कार्यक्रम प्रक्षेपित करतं, कोण कुठल्या खोलीत ऐकतंय ते त्याला कळत नाही, तसंच हे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह सतत सांगत असतो की मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. तो संदेश पोचायला साधारण ६७ मिलिसेकंद लागतात. फोन तो वेळ मोजतो, प्रकाशाच्या वेगाने गुणतो, आणि त्या उपग्रहापासूनचं अंतर मिळतं. तीन उपग्रहांपासूनची तीन अंतरं मिळाली की अवकाशातली जागा ठरायला हवी. पण फोनचं घड्याळ अणुघड्याळ नसतं आणि त्यात एक मायक्रोसेकंदाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून घड्याळाची चूक हाही एक अज्ञात धरून चौथा उपग्रह घ्यावा लागतो. उघड्या आकाशाखाली साध्या फोनला पाचेक मीटरपर्यंतची अचूकता मिळते.

यातलं एक वाक्य पक्कं धरून ठेवायला हवं: माहीत असलेल्या बिंदूंपासूनची अंतरं कळली की जागा कळते. या पद्धतीला ट्रायलॅटरेशन म्हणतात. फोन तिचा उपयोग स्वतःची जागा शोधायला करतो. पण जो कोणी तुमच्यापासूनचं अंतर मोजू शकतो, त्यालाही तेच गणित उपलब्ध असतं. डेटिंग ॲप तर प्रत्येक प्रोफाइलखाली अंतर छापूनच देतं.

टिंडरच्या बाबतीत २०१३ मध्ये नेमकं हेच घडलं. पडद्यावर अंतर पूर्ण मैलांत दिसत होतं, पण सर्व्हरकडून फोनला येणाऱ्या आकड्यात दशांश चिन्हापुढे पंधरा अंक होते. इन्क्लूड सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी तीन खोटी खाती काढली, सर्व्हरला त्यांच्या तीन वेगवेगळ्या जागा कळवल्या, तिन्हीकडून एकाच माणसाचं अंतर विचारलं आणि नकाशावर तीन वर्तुळं काढली. वर्तुळं जिथे एकमेकांना छेदली, तिथे तो माणूस होता. चूक शंभर फुटांच्या आत. टिंडरने दुरुस्ती केल्यावर फेब्रुवारी २०१४ मध्ये हे जाहीर झालं.

मग अंतर राउंड करून, म्हणजे दशांश काढून पूर्ण आकड्यात पाठवलं की काम झालं, असं वाटणं साहजिक आहे. खरी गंमत इथूनच सुरू होते.

समजा ॲप अंतराचा दशांश भाग छाटून ‘३ किमी’ एवढंच दाखवतं. म्हणजे माणूस ३ ते ४ किलोमीटरच्या दरम्यान कुठेही असू शकतो. नकाशावर हे एक जाडसर कडं होतं, क्षेत्रफळ सुमारे २२ चौरस किलोमीटर. पुण्यात एवढ्या जागेत लाखो लोक राहतात, त्यामुळे हे सुरक्षित भासतं. पण खोट्या खात्याची जागा बदलायला काहीच खर्च येत नाही. ती हळूहळू दूर सरकवत न्या. ३, ३, ३... आणि एका क्षणी आकडा ४ होतो. ज्या जागी तो बदलला, तिथून त्या माणसाचं अंतर बरोबर ४.००० किलोमीटर आहे! छाटून टाकलेले सगळे दशांश परत हातात आले. हा बदलाचा बिंदू शोधायला मीटर-मीटर चालायचीही गरज नाही. एक किलोमीटरचा पट्टा दर वेळी निम्मा करत गेलं तर दहा प्रश्नांत आपण एका मीटरवर येतो, कारण २ चा दहावा घात १०२४ आहे. तीन दिशांनी हेच केलं तर साधारण तीस प्रश्नांत तीन बिनचूक वर्तुळं तयार होतात. रॉबर्ट हीटन या सॉफ्टवेअर इंजिनिअरने २०२१ मध्ये बंबल या डेटिंग ॲपवर हे करून दाखवलं आणि बंबलने ते दुरुस्त केलं. तरी २०२४ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हन विद्यापीठातल्या संशोधकांनी पंधरा डेटिंग ॲप तपासली, तेव्हा त्यातल्या सहांमधून वापरणाऱ्याची जागा काढता आली. बंबल, बडू, हिंज आणि हायली ही चार या ‘उत्तर कधी पलटतं’ प्रकाराला बळी पडत होती आणि चूक जेमतेम दोन मीटरपर्यंत खाली येत होती. संशोधकांनी कळवल्यावर त्यांनी पद्धत बदलली.

दुरुस्ती काय, तर राउंड करणं तेच, फक्त क्रम उलटा. अंतर काढून मग राउंड करायचं नाही. आधी अक्षांश-रेखांश राउंड करायचे आणि त्या राउंड केलेल्या बिंदूपासून अंतर काढायचं. अक्षांश १८.५१९३७ असेल तर तीन दशांशांपर्यंत राउंड करून तो १८.५१९ होतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून तिसरा दशांश म्हणजे १११ मीटर. पुण्याच्या अक्षांशावर रेखांशाचा तिसरा दशांश साधारण १०५ मीटर. एवढ्या चौकटीत उभा असलेला प्रत्येक माणूस गणिताला एकाच बिंदूवर दिसतो. आता हल्लेखोराने तीस काय, तीन हजार प्रश्न विचारले तरी वर्तुळं त्या चौकटीच्या मध्यावर छेदतात आणि त्यापुढची माहिती मिळतच नाही, कारण अंतर काढण्याआधीच ती टाकून दिलेली असते. तीन दशांशांत एखादी हाउसिंग सोसायटी मावते. दोन ठेवले तर सुमारे सव्वा चौरस किलोमीटर, म्हणजे जुन्या पुण्यातल्या दोन-चार पेठा.

नुसतं अंतर लपवण्याचा पर्याय बऱ्याच ॲपमध्ये असतो, तो या तुलनेत फार कमकुवत आहे. प्रोफाइल जवळ-दूर अशा क्रमाने लावलेली दिसत असतील तर तो क्रमही अंतरच सांगतो. क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ग्राइंडर या समलिंगी पुरुषांमध्ये लोकप्रिय ॲपवर आणि तशाच आणखी दोन ॲपवर हे दाखवलं होतं: आपली दोन खोटी खाती यादीत त्या माणसाच्या अलीकडे आणि पलीकडे येतील अशी सरकवायची, की आकडा न दिसताही तो माणूस एका अरुंद कड्यात अडकतो.

आधी राउंड करायचं, तर सगळ्यात आधीची जागा कोणती? आपला फोन. सर्व्हरला खरी जागा पोचलीच नाही, तर कंपनीने पुढे ती कशी हाताळली याची काळजी उरत नाही. ही सोय आयफोनमध्ये आयओएस १४ पासून (२०२०) आणि अँड्रॉइडमध्ये १२ पासून (२०२१) आहे. आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस असं जाऊन ॲप निवडायचं, ‘वापरात असतानाच’ ठेवायचं आणि खालचं ‘प्रिसाइज लोकेशन’ बंद करायचं. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, लोकेशन, ॲपच्या परवानग्या, मग ते ॲप, आणि ‘अचूक लोकेशन वापरा’ बंद. कंपनीप्रमाणे मेनूची नावं थोडी बदलतात. यानंतर अँड्रॉइड ॲपला साधारण ३ चौरस किलोमीटरच्या अचूकतेची जागा देतं.

अँड्रॉइड हे आत कसं करतं, ते मला फार आवडतं. दर वेळी खऱ्या जागेत नवी यादृच्छिक चूक मिसळली तर ॲप शंभर नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढेल. सरासरीतली चूक नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाने घटते, म्हणजे ५०० मीटरची चूक शंभर नोंदींत ५० मीटरवर येते. बरं, नुसती चौकटींची जाळी वापरली तर तुम्ही चौकटीची रेघ ओलांडता त्या क्षणी बिंदू उडी मारतो, आणि तेव्हा तुम्ही नेमके त्या रेघेवर आहात हे उघड होतं. वर पाहिलेला ३ चा ४ होण्याचाच हा प्रकार. म्हणून अँड्रॉइड दोन्ही करतं: आधी खरी जागा एका यादृच्छिक अंतराने सरकवतं, मग सरकवलेला बिंदू जाळीवर बसवतं, आणि ते सरकवणं काळाबरोबर अगदी सावकाश बदलत ठेवतं. सावकाश, म्हणून सरासरी काढून फायदा नाही. आधी सरकवलेलं, म्हणून रेघ खरी कुठे आहे ते बाहेरून कळत नाही.

याची किंमत एवढीच की ॲपवरची अंतरं किलोमीटर-दोन किलोमीटरने चुकतात. अंतराची मर्यादा दोन किलोमीटरवर ठेवली असेल तर शेजारची माणसं गायब होतील आणि भलतीच दिसतील. ती दहाच्या पुढे न्यावी.

शहरच बदलायचं असेल तर ॲपचा स्वतःचा मार्ग वापरावा. टिंडरवर सेटिंग्जमध्ये लोकेशनखाली नवी जागा जोडता येते. ही ‘पासपोर्ट’ सोय २०१५ पासून आहे आणि तिला पैसे पडतात. परत आल्यावर तिथेच ‘सध्याचं लोकेशन’ निवडायला विसरू नये, नाहीतर फोन नाशिकला आणि प्रोफाइल बर्लिनला अशी स्थिती राहते. बंबलवर ‘ट्रॅव्हल मोड’ आहे, तोही पैशांचा. तो तुम्हाला निवडलेल्या शहराच्या मध्यावर ठेवतो आणि तुम्ही प्रवासात असल्याची खूण प्रोफाइलवर दाखवतो. हिंजवर नकाशातली पिन हाताने हलवून आपली वस्ती फुकट ठरवता येते, आणि माणूस गावाला गेला म्हणून ती आपोआप हलत नाही. पिन घरावर न ठेवता दोन-तीन किलोमीटरवरच्या स्टेशनवर किंवा बाजारपेठेत ठेवावी.

राहिला खोट्या जीपीएसचा मार्ग. अँड्रॉइडवर ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवून डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात आणि तिथे ‘मॉक लोकेशन ॲप’ निवडता येतं. यात तीन गोष्टी बिघडतात. अँड्रॉइड अशा नोंदीवर ‘ही बनावट आहे’ अशी खूण लावूनच ती पुढे देतं, त्यामुळे ॲपला ती एका ओळीच्या कोडमध्ये ओळखता येते आणि खातं बंद होऊ शकतं. दुसरं म्हणजे बनावट जागा सगळ्याच ॲपना मिळते: कॅब भलतीकडे येते, नकाशा चुकतो, आणि काही बँकांची ॲप डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की उघडतच नाहीत. तिसरं, वाय-फायवरून काढलेली खरी जागा मध्येच डोकावते आणि बिंदू पुणे-लंडन-पुणे अशा उड्या मारतो. मिनिटात सात हजार किलोमीटर पार करणारा माणूस कुठल्याही सर्व्हरच्या लक्षात येतो. आयफोनवर संगणक जोडून डेव्हलपरची साधनं चालवावी लागतात, त्यामुळे एका टिचकीत लोकेशन बदलून देण्याची जाहिरात करणाऱ्या ॲपपासून दूर राहावं. नुसता मोबाइल नंबर टाकून कुणाचं ‘लाइव्ह लोकेशन’ दाखवणाऱ्या साइट तर सरळ फसवणूक आहेत. नंबराच्या सुरुवातीच्या अंकांवरून फार तर तो मूळ कुठल्या टेलिकॉम सर्कलमध्ये (मोबाइल सेवेच्या विभागात) दिला गेला ते कळतं, आणि जुलै २०१५ पासून नंबर देशभर नेता येत असल्याने माणूस आज तिथे आहे असंही म्हणता येत नाही.

अचूक जागा लपवण्याची गरज काहींना इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. इजिप्तमध्ये पोलीस ग्राइंडरवरून समलिंगी लोकांचा माग काढत असल्याच्या बातम्या आल्यावर २०१४ मध्ये ग्राइंडरने अशा देशांत अंतर दाखवणं बंद केलं. जुलै २०१९ पासून टिंडर, समलिंगी संबंध गुन्हा मानणाऱ्या सुमारे सत्तर देशांत पोचलेल्या एलजीबीटीक्यू वापरकर्त्याला धोक्याची सूचना देतं आणि त्याचं प्रोफाइल आपोआप झाकतं. नोकरीसाठी आखातात जाणाऱ्या मराठी मुलामुलींनी विमान सुटण्यापूर्वीच लोकेशनची परवानगी काढून टाकावी किंवा ॲपच काढावं. तिथे उतरल्यावर ॲप उघडून सेटिंग शोधत बसू नये.

अंदाजे लोकेशनचं संरक्षण वस्तीच्या दाटीवर अवलंबून असतं, हे ध्यानात ठेवायला हवं. तीन चौरस किलोमीटरमध्ये दादरचे हजारो वापरकर्ते मावतात. कोकणातल्या एखाद्या वाडीत तेवढ्याच जागेत अख्खं गाव येतं आणि त्या वयोगटातली, त्या ॲपवरची व्यक्ती एकच असते. तिचा फोटो, वय आणि ‘५ किमी’ एवढ्यावरून गावात कुणालाही नाव सांगता येईल. तिथे ‘प्रिसाइज’ बंद करणं पुरत नाही. हिंजवर पिन तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी न्यावी, टिंडरवर पासपोर्टने रत्नागिरी किंवा कोल्हापूर निवडावं, आणि अंतराची मर्यादा तिथून आपल्या गावापर्यंत पोचेल इतकी वाढवावी. टिंडरवर ती १६० किलोमीटरपर्यंत जाते.